परभणीत राहून स्वतःच्या गाण्यांचा बँड चालतो का? का पुण्याला निघावं?

बेसवाला_परभणी

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून इथं नुसतं वाचायलो, आज पहिल्यांदा लिहायलो.

आम्ही चौघं आहोत. दोन गिटार, एक ड्रम, बेस माझ्याकडं. तिघं परभणीतले, ड्रमवाला जिंतूरहून एसटीनं येतो. गाणी स्वतःची आणि मराठीत. मेटल-बिटल नाही. साधं गिटार पॉप: ओपन कॉर्ड, खणखणीत गिटार, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी चाल, साडेतीन मिनिटांत गाणं संपलं पाहिजे. विषय पण इथलेच. कृषी विद्यापीठाच्या रोडवरची संध्याकाळ, नीटच्या क्लासला लातूरला गेलेली मैत्रीण, फलाटावर देवगिरी एक्स्प्रेसची वाट बघत बसलेले दोघं भाऊ.

आता रडगाणं. गणपतीत मंडळवाले बोलावतात, पण दुसऱ्याच गाण्याला स्टेजवर चिठ्ठी येते, सिनेमातलं अमुक घ्या म्हणून. साऊंडवाला इको एवढा सोडतो की आमच्या गायकाची एक ओळ संपेपर्यंत मागची ओळ फिरून येते. कोणालाच कळत नाही आम्ही काय गायलो ते.

पैसे जमवून पुण्यात एका स्टुडिओत दोन गाणी केली. नाव घेत नाही. काम चकाचक आहे, सगळं क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या टकटकीवर), गायकाचा सूर सॉफ्टवेअरनं सरळ करून दिला. घरी आईला ऐकवलं तर म्हणाली, "छान आहे, पण तुमचं कुठंय?"

शब्दांवरून पण आमच्यात वाद. गायक म्हणतो पुस्तकी मराठीत लिहू, सगळीकडं चालतं. मी म्हणतो आपण बोलतो तसं लिहू.

तर प्रश्न असा: इथं राहून काही होईल का, का पुण्यात खोली बघावी? आणि हो, स्टेजवर गेलं की आमच्या गिटारी दहा मिनिटांत बेसूर होतात. त्यावर पण कोणी बोला.

लातूर_ते_कोथरूड

निघा. एवढंच सांगतो. इथं तासावर तालमीची खोली मिळते, ड्रम सेट आधीच लावलेला असतो, शेजारी बोंबलत नाहीत. मुख्य म्हणजे समोर बसलेला माणूस ऐकायला आलेला असतो. भाडं अंगावर येतं हे खरं, आणि नव्या बँडला कॅफेवाले आधी विचारतात की तुमच्या ओळखीची किती माणसं येतील. पण परभणीत बसून कोण येणारे तुम्हाला शोधायला?

कॅननपिन_जालना

मी जालन्याचा. घरचा धंदा साऊंड सर्व्हिसचा: लग्न, कीर्तन, जयंती, शाळेचं गॅदरिंग, सगळं. गिटारही वाजवतो. त्यामुळं मिक्सरच्या अलीकडून पण शिव्या खाल्ल्यात आणि पलीकडून पण.

वरच्या भाऊचा मान ठेवून सांगतो, परभणीत ऐकणारी माणसं नाहीत हे मला पटत नाही. १४ जानेवारीला नामविस्तार दिनाला संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर कधी उभे राहिलात का? दरवर्षी नवी गाणी येतात तिथं. कोणी लिहिलेली, कोणी चाल लावलेली, आदल्या आठवड्यात बसवलेली. आणि लोक थंडीत उभं राहून ऐकतात, एखादी ओळ पटली तर तिथल्या तिथं नोट काढून देतात. वामनदादा कर्डक नाशिककडचे, पण आयुष्यभर गावोगाव फिरून स्वतः लिहिलेलंच गायले. मराठवाड्यातल्या किती वस्त्यांनी ते समोर बसून ऐकलंय. नवं गाणं ऐकायची सवय आपल्याकडं जुनी आहे. फक्त हा श्रोता शब्दाचा भुकेला आहे. तुझा शब्द त्याच्या कानापर्यंत गेला नाही, तर तू कितीही गोड कॉर्ड लाव, तो चिठ्ठी पाठवणारच. तुझी अडचण गाव नाही. तुझी अडचण ही आहे की तुमची गाणी अजून परभणीत कोणाला ऐकूच आलेली नाहीत.

म्हणून आधी साऊंडवाला. त्याच्या मिक्सरवर रोज येतं काय? निवेदकाचा माईक, पेटी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम). कीर्तनात इको कमी पडला तर महाराज भर मंडपात बोलतात. त्यामुळं इको त्याच्याकडं कायमचा चालू असतो, तुमच्यावर त्याचा काही राग नाही. तुम्ही तासभर आधी जा, सोबत चहा घ्या, नाव विचारा आणि खाली जाऊन कानात सांगा: "दादा, गायकाचा इको पूर्ण काढा, वाटलं तर शेवटच्या गाण्याला द्या." माईकवरून सांगू नका. चारचौघांत सांगितलं की तो वाढवतो. मी पण वाढवतो.

तुमची गिटार पण डब्यात कोंडल्यासारखी येत असेल, तर त्याचं कारण सोपं आहे. पिकअपचा, म्हणजे गिटारमधल्या तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा, सिग्नल नाजूक असतो आणि तुम्ही लांबलचक वायर ओढून तो थेट मिक्सरला देता. वायर सहा-सात मीटरच्या पुढं गेली की वरची खणखण मरते आणि घरघर आत शिरते. डीआय बॉक्स घ्या, म्हणजे तो नाजूक सिग्नल लांब वायरीत टिकेल असा करून देणारी डबी. दोन-तीन हजारांत साधा मिळतो, प्रत्येक गिटारला एक. गिटारची छोटी वायर बॉक्समध्ये, तिथून कॅनन पिनची वायर मिक्सरला, मग ती पन्नास मीटर जाऊ द्या. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, हम आला तर ते दाबून बघा. बेसला तर डीआय हवाच.

ही पुढची गोष्ट जिवाची आहे, नीट वाचा. मंडपात अर्थिंग नसतं. हात तारेवर आणि ओठ माईकला लागले की झटका बसतो. कधी नुसती मुंगी चावल्यागत, कधी माणूस मागं फेकला जातो. तुमचे अँप आणि साऊंडवाल्याचं मशीन एकाच लाइनवरून, एकाच बोर्डावरून घ्या. जनरेटर असेल तर त्याला सळई ठोकून मीठ-पाणी ओतलंय का हे स्वतः जाऊन बघा. गाण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावा. दिवा लागला तर कार्यक्रम थांबवायचा, लाजायचं नाही. वर माईकला स्पंजची टोपी ठेवा.

सूर उतरतो त्याचं: तुम्ही गिटार सावलीत, खोलीत लावता आणि संध्याकाळी पाचला तापलेल्या स्टेजवर नेता. पोलादाची तार तापली की सैल होते, सूर खाली जातो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी गिटार केसमधून काढून स्टेजवरच, पण सावलीत ठेवा आणि मग लावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की लाकूड सुकतं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचायला लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि तारा वर येतात. उन्हाळ्यात केसमध्ये ओलसर स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून ठेवा. गाडीच्या डिकीत गिटार ठेवणाऱ्यानं माझ्याकडं रडत येऊ नये, जोड उकललेली गिटार मी चिकटवत नाही.

दोन गिटारी एकाच जागी एकच कॉर्ड घासत असतील तर गायक त्याखाली गाडला जातो. गाणं सी मध्ये असेल तर एकानं खाली ओपन सी धरावा, दुसऱ्यानं पाचव्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावून जी चा आकार वाजवावा. तेच सूर, पण एक जाड आणि एक बारीक. वरची गिटार मग आपल्याकडच्या बँजो पार्टीतल्या बँजोसारखी वाजते. वरातीत तो बँजो दोन गल्ल्या पलीकडं ऐकू येतो ना, तशी. आपल्या लोकांचा कान त्या खणखणाटावर तयारच आहे. आणि गायक ओळ म्हणत असताना वरच्या गिटारनं गप्प बसायचं, ओळ संपली की उत्तर द्यायचं.

आता कुठं वाजवायचं. गणपती मंडळ सोडून द्या, तिथं माणूस नाचायला आलेला असतो, त्याची काही चूक नाही. तुम्ही पितृपक्ष धरा. हसू नका. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना आमचा धंदा बंद असतो. लग्न नाही, वास्तू नाही, उद्घाटन नाही. साऊंड गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेलं असतं, पोरं मोबाईल बघत बसलेली असतात. हॉलवाले पण रिकामे. एरवी जो साऊंड तुमच्या खिशाबाहेर आहे, तो त्या पंधरवड्यात डिझेल आणि पोरांच्या जेवणावर मिळतो. साऊंडवाल्याला घाई नसते, दुपारभर तो तुमच्याबरोबर आवाज लावत बसतो. हॉल बंदिस्त असल्यानं रात्री दहाच्या लाउडस्पीकरबंदीचा जाच पण मोकळ्या मैदानाइतका नसतो. तरी पोलीस स्टेशनला अर्ज देऊन ठेवा. घरातले म्हातारे म्हणतील या दिवसांत नवं काही करू नये. त्यांना सांगा, गाणी जुनीच आहेत.

आणि डिसेंबर ते फेब्रुवारी कॉलेजची स्नेहसंमेलनं. युवक महोत्सवात पाश्चात्य समूहगानाचा प्रकार असतो, त्यातली पोरं गाठा. त्यांना स्वतःचं गाणं असलेला बँड प्रत्यक्ष बघायला मिळत नाही, तीच तुमची पहिली माणसं.

बेसवाला_परभणी

दादा, पितृपक्षाचं कोणी सांगितलंच नव्हतं! दोन गोष्टी राहिल्या. शब्द कोणत्या भाषेत, आणि रेकॉर्डिंग कसं? लॅपटॉप आहे. दोन माईक लागतील असा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची पेटी) उधार मिळतो. खोली मात्र स्लॅबची, टाळी वाजवली की टण्ण करते.

जोगाईवाडा

मी अंबाजोगाईची, गाणी लिहिते, गात नाही. रेकॉर्डिंगचं दादा सांगतीलच, मी शब्दांपुरतं बोलते.

भाषेचा वाद घालण्याआधी गाण्यात बोलतंय कोण ते ठरवा. फलाटावरचे दोघं भाऊ बोलत असतील तर ते पुस्तकी बोलणार नाहीत. संध्याकाळचं वर्णन कोणी तिसरा करत असेल तर तो कसाही बोलू दे. एकाच गाण्यात दोन्ही चालतं, फक्त माणूस बदलला की भाषा बदलावी, यमक जुळत नाही म्हणून बदलू नये. गायकाला हे गाऊन दाखवा: "वाट बघायलो" म्हटलं की शेवटचा "लो" हवा तेवढा लांबवता येतो. "वाट बघतोय" मध्ये "य" तोंड मिटवून टाकतो. तुमच्या चालीत ओळीच्या शेवटी लांब सूर असेल तर परभणीचं बोलणं तुम्हाला आयतंच फायद्याचं आहे.

दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. गिटार पॉपचं गाणं कडव्यानं सुरू होतं आणि मग कोरसला चढतं. आपलं भावगीत, भजन, भीमगीत ध्रुवपदानं सुरू होतं. आपला श्रोता पहिली ओळ ऐकली की तीच ध्रुवपद समजून मनात धरून ठेवतो आणि ती परत कधी येते याची वाट बघतो. तुमची पहिली ओळ परत येतच नाही! तो तिथंच सुटतो, आणि मग चिठ्ठी लिहायला घेतो. एखादं गाणं उलटं करून बघा. आधी फक्त एका गिटारीवर कोरसच्या दोन ओळी, मग थांबा, मग ड्रमसकट कडवं. चाल बदलायची गरज नाही.

आणि तुमच्या चौघांतले गाणारे किती? शाहिराच्या मागं झीलकरी असतात, ओळीचं शेपूट उचलून परत म्हणतात. गोंधळात पण तेच. तुमचे दोघं तिघं नुसतं सुरात झील धरू लागले तरी हॉलमधली माणसं दुसऱ्या खेपेला आपोआप त्यात येतात. हार्मनी नंतर शिका. पैठणला नाथांच्या भारुडाला एकदा जाऊन बसा आणि लोक कोणत्या क्षणी तोंड उघडतात तेवढंच बघा.

कॅननपिन_जालना

ताई ध्रुवपदाचं लाख बोलल्या. मी इतकी वर्षं मिक्सरवर बसून हे बघत आलोय, नाव देता येत नव्हतं.

रेकॉर्डिंग. स्लॅबची खोली सोडा. तुमच्यापैकी कोणाचं गावाकडं माळवदाचं घर शाबूत आहे का? पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी खण, सारवलेली जमीन. त्या भिंती सपाट नसतात, गिलावा मऊ असतो, त्यामुळं आवाज टण्ण करत परत येत नाही. पुण्यातले लोक फोम चिकटवून जे मिळवतात त्यातलं बरंचसं आपल्याकडं फुकट पडीक आहे. घर पक्कं असल्याची मात्र खात्री करा, किल्लारीचा भूकंप झालेल्या मुलखात हे वेगळं सांगायला नको. तसं घर नसेल तर स्लॅबच्याच खोलीत दोरी बांधून गायकाच्या मागं आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा. मागं जास्त महत्त्वाचं, कारण माईक गायकाकडं बघतो आणि गायकाच्या मागची भिंत ऐकतो.

पंखा बंद. फ्रिज बंद, आणि फ्रिजच्या बटणावर गाडीची किल्ली ठेवा म्हणजे जाताना चालू करायचं विसरणार नाही. लाइट गेली तर घरी पळू नका, तीच वेळ सोन्याची. लॅपटॉपचा चार्जर काढला की अर्थिंगची ती घूंऽ असते ना, बऱ्याचदा जागच्या जागी थांबते. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर गायकाचा आवाज बॅटरीवरच रेकॉर्ड करा. गल्ली पण शांत होते, शेजारचा टीव्ही बंद.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. आवाजाची पातळी लालच्या जवळपास नेऊ नका, २४ बिटला खाली भरपूर जागा असते. सॉफ्टवेअरला रीपर घ्या, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, मग ठरवा. गायकाला साधा डायनॅमिक माईक द्या. महागडा कंडेन्सर लावलात तर गल्लीतली कुत्री पण गाण्यात येतील.

आणि मुख्य: आधी चौघांनी एकत्र वाजवलेलं घ्या. दोन गिटार आणि बेस डीआयमधून. तुमच्याकडं दोनच इनपुट आहेत, म्हणून तिन्ही माझ्यासारख्याच्या छोट्या मिक्सरमध्ये घालून त्याचं आउट इंटरफेसला द्या. ड्रमच्या जागी ऑक्टोपॅड, हेडफोनवर. खोलीत आवाज फक्त गायकाचा, आणि तो त्यात नुसता वाट दाखवायला. मग खरं गाणं त्यावर वेगळं गायचं, वाटलं तर दहा वेळा. क्लिक लावायचा असेल तर ड्रमवाल्याच्या एकट्याच्या कानात. तुमचं कडवं कोरसला जाताना जरा पुढं पळतं, हो ना? सगळ्यांचंच पळतं. पळू द्या. आईला ऐकू आलं नाही ते हेच होतं. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर एखाद्या फसलेल्या सुरापुरतं ठीक, सगळ्या ओळीवर फिरवलं की गायकाचं बोलणं निघून जातं.

शेवटी आवाज ठोकून मोठा करत बसू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याच्या मापाच्या) आसपास सगळ्यांना आणून ठेवतं, ठोकलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि चपटं वाटतं. गाणं फोनच्या स्पीकरवर लावून शेजारच्या खोलीत जा. शब्द कळाले तर मिक्स झाला.

हिशेबी_नांदेड

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरतात, आणि २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० ऐकणी नसतील तर त्या गाण्याचे पैसे नाहीत. म्हणून दहा गाणी एकदम टाकू नका, एक टाका आणि ते गावभर फिरवा. ताई म्हणतात तसं ध्रुवपद आधी आलं तर ते ३० सेकंद पण सुटतात. गीतकार आणि संगीतकार दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या. कोणी लेबलवाला "सगळे हक्क आमच्याकडं" असा कागद पुढं करील. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा लिहून घेता येत नाही, हे त्याला हसत हसत सांगा. आणि चौघांत कोणाचं काय हे आत्ताच, भांडण नसताना, एका कागदावर लिहून सह्या करा.

लातूर_ते_कोथरूड

बरं, माघार नाही घेत पण सुधारतो. हॉल करा, एक गाणं करा, मग रेल्वेनं पुण्याला या, एक दिवस वाजवा आणि परत जा. खोली माझ्याकडं आहे, चौघं दाटीवाटीनं मावता. ड्रमवाल्यानं घोरायचं नाही.

बेसवाला_परभणी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल बैठक झाली. गायकाला "बघायलो" गाऊन दाखवलं, तो काही बोलला नाही, पण आज पहाटे व्हॉट्सअॅपवर दुसरं कडवं त्याच बोलीत लिहून पाठवलं. माळवद सेलूच्या पुढं त्याच्या मामाकडं आहे, पण त्यात सध्या सोयाबीनची पोती आहेत. जालन्याचे दादा, पोती आवाजाला चांगली का वाईट? आणि ऑक्टोपॅड कुठं मिळेल भाड्यानं?

कॅननपिन_जालना

पोती उत्तम. कोपऱ्यात छतापर्यंत रचा, बेस तिथंच घुमतो. मामाला भाव येईपर्यंत विकू नको म्हणावं.

ऑक्टोपॅड माझा घेऊन जा, पितृपक्षात पडूनच असतो. येताना ॲडॅप्टर विसरू नका, आणि जिंतूरच्या भाऊला सांगा, पॅडवर चहाचा कप ठेवायचा नाही.